तिकीटघरातली माती

दरपत्रकावर सगळ्यांचे दर आहेत:
माणूस, सायकल, दुचाकी, शेळी,
चिऱ्यांनी भरलेला टेम्पो.
मातीचा नाही.
म्हणून आठ वर्षं मी
दोन्ही काठांची माती फुकट ओढते आहे
या खिडकीतून आत.

सुरुवात मनीप्लांटने, जशी सगळ्यांची होते.
डबा डिझेल-ऑइलचा,
बोटीवरच्या हसमुख खारव्याने कापून दिलेला,
तळाला खिळ्याने पाच भोकं.
माती दाभोळच्या जेट्टीमागच्या उतारावरची,
लाल, देखणी,
आणि तीन आठवड्यांत तिचा चिरा झाला.
पाणी ओतलं की वर तळं,
मग कडेकडेने घसरून थेट टेबलावर,
तिकिटांच्या गठ्ठ्याखाली.
मूळ मध्ये कोरडंच.

कोणी म्हणालं, वाळू घाल.
वाळूला काय तोटा?
ओहोटीला चार मुठी उचलून आणली.
पानांच्या कडा आधी पिवळ्या,
मग जळक्या,
तव्यावर विसरलेल्या पापडासारख्या.

मंगळवारी नऊच्या फेरीला
धोपाव्याहून सकीना परकार येते,
डोक्यावर काथ्याच्या भुशाचं पोतं.
सुट्ट्या पैशांसाठी खिडकीशी थांबली,
डब्यात बोट घातलं, जिभेला लावलं,
आणि थुंकली.
"मीठ घातलंस गो झाडाला?
माती आधी आपण चाखायची.
आणि माझा भुसाही तसाच घेऊ नकोस,
खाडीत कुजलेला हाय तो.
तीन पाणी बदल. पिळ. मग चाख."

तेव्हापासून चाखते.
रांगेतली माणसं बघतात,
एकाने डॉक्टरचं नावही सुचवलं.

मापं विचाराल तर मापं नाहीत.
चाळलेली लाल माती, ओढ्याची वाळू,
धुतलेला भुसा, काळं पडलेलं शेणखत,
आणि मूठ आवळायची.
गोळा झाला पाहिजे,
आणि बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे.
फुटलाच नाही तर अजून भुसा.
झालाच नाही तर अजून खत.
पाणी कधी घालायचं ते बोटाला विचारायचं,
दुसऱ्या पेरापर्यंत.
जुलैत बोट कायम ओलं येतं,
हवाच पाणी घालत असते इथे.
तेव्हा मी फक्त काडीने वरची माती हलवते,
चिलटं उठतात, बसतात,
बोट येते, जाते.

आता लोक आजारी कुंड्या आणून ठेवतात
खिडकीच्या कठड्यावर, दवाखान्यात ठेवावं तशा.
गुहागरला शाळेवर असलेला एक मुलगा
बदली झाली म्हणून
सर्पपर्णी ठेवून गेला.
रोप उपटलं तर मुळांभोवती
चहाचा चोथा, साखरेसकट,
आणि मुंग्यांचं अख्खं गाव.
मातीवरून माणूस कळतो असं मी म्हणणार नाही.
चहा किती गोड पितो ते कळतं.
मुळं धुतली, मऊ पडलेली कापली,
दोन दिवस सावलीत उघडी ठेवली.
दर वेळी हे जमतंच असं नाही.
तिचं जमलं.

एप्रिलच्या शेवटी सगळे डबे रिकामे करते.
ताडपत्रीवर माती पसरते, तिकीटघराच्या मागे,
जुन्या मुळांचे धागे वेचते,
जशी तांदळातली काडी.
खालवर करत चार दिवस ऊन देते.
वारा थोडी उडवून नेतो समोरच्या काठाला.
साहेब विचारतात, हे काय?
मी म्हणते, सुट्टी.

यंदा भुशाचं पोतं सकीनाचा नातू आणतो.
तिचे गुडघे आता बोटीची फळी चढत नाहीत.
मी पैसे मोजते, तो मोजत नाही,
फक्त विचारतो,
"नानीनं विचारलंय, चाखलंस का?"

रांग खोळंबली आहे, भोंगा झाला आहे.
मी जीभ काढून दाखवते.
लाल.