सहावा मसुदा

पहाटेचे चार. पुएर्तो मोंत.
हीटर एका अंगानं तापतो, दुसरं अंग गारच.
यास्ना ओयार्झो, जनसंपर्क विभाग
(विभाग म्हणजे ती एकटी आणि खरखरणारा प्रिंटर),
पहिला मसुदा लिहिते, एका ओळीचा:
आमची फेरीबोट काल रात्री बुडाली.

सांतियागोहून वकिलांचा फोन.
बुडाली नको हो. बुडाली म्हटलं
की उद्या कुणीतरी विचारणार, बुडवली कोणी?
घटना लिहा.
घटना कुणाच्याच अंगाला चिकटत नाही.

दुसऱ्या मसुद्यात घटना घडते.
तिसऱ्यात अकरा माणसांची
काही प्रवासी होतात,
चौथ्यात, ज्यांच्याशी संपर्क होऊ शकलेला नाही असे.
पाचव्यात विमावाले समुद्र खवळवतात.

यास्ना खिडकीशी जाते.
काल रात्री समुद्र परातीतल्या पाण्यासारखा होता.
दोरीवर राहिलेला तिचा टॉवेल
जागचा हललेला नाही.

आणि पंपाचं तिला ठाऊक आहे.
मार्चमध्ये खलाशांचं पत्र आलं होतं,
खालच्या खणातलं पाणी उपसत नाही म्हणून.
उत्तर तिनंच टाइप केलं होतं:
दुरुस्ती नियोजित आहे.
शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती त्यात.

साडेपाचला पाचवा मसुदा जातो रेडिओकडे.
पावणेसहाला फोन वाजतो.
एलेउतेरिओ चिगुआय बोलतोय.
तीस वर्षं तो सकाळी सहाला
बेटांवरच्या माणसांचे निरोप वाचतो:
सून बाळंत झाली, मुलगा, दोघं बरी.
गुरुवारी घोडा घेऊन धक्क्यावर या.
डॉक्टर म्हणाले, काका घरी आणा, आता इथे काही नाही.

सेन्योरा, तो म्हणतो, हे मला वाचता येत नाही.
अक्षर लागत नाही का?
लागतं. पण तिकडे बॅटरीवरचे रेडिओ,
म्हातारी माणसं. संपर्क होऊ शकलेला नाही म्हटलं
की कंदील घेऊन किनाऱ्यावर जाऊन बसतील.
किती दिवस बसायचं,
तेवढं खाली लिहून द्याल?

ती काही बोलत नाही.
तोही फोन ठेवत नाही.
त्याच्या मागे कुणीतरी साखर ढवळतंय.

मग ती सारवासारव केलेलं सगळं पुसते.
कीबोर्डवर तिचं बोट थांबतं.
चाळीस मीटर खाली
बोट थांबलेली आहे.

दोन्या एदुविहेस ही आमची बोट काल रात्री बुडाली.
समुद्र शांत होता.
पंप मार्चपासून बंद होता. आम्हाला माहीत होतं.

आम्हाला या शब्दापाशी ती रेंगाळते.
केवढा ऐसपैस शब्द, संचालक मंडळ आरामात बसेल आत,
आणि कुणाचा चेहरा म्हणून दिसायचा नाही.
तो तसाच ठेवते. पुढे जोडते:
मलाही.

मग अकरा नावं.
शेवटचं नाव नाहीच, नुसतं
ओसान्दोन बाईंचं बाळ, दोन महिन्यांचं.
तिकिटाच्या यादीत त्याची नोंद नव्हती.
पाचव्या मसुद्यापर्यंत अकरा
ते त्याला सोडूनच होते.
ती आकडा बारा करते.

सहा वाजता एलेउतेरिओ वाचतो,
घोड्याचा निरोप वाचतो त्याच आवाजात,
घाई नाही, हुंदका नाही,
प्रत्येक नावाआधी दोन किंवा दोन्या,
बाळालासुद्धा. बाळापाशी किंचित थांबतो.

टेबलावर वकिलांचा फोन
थरथरत कडेपर्यंत सरकतो.
यास्ना बघत राहते, पडतो का.

रेडिओवर पुढचा निरोप:
विधवा मानकियान्ते यांना कळवण्यात येतं,
बटाट्याची चार पोती धक्क्यावरच राहिली आहेत.
सोमवारच्या बोटीनं पाठवतो.
आवाज अडतो. कागद वाजतो.
सोमवारचं, एलेउतेरिओ म्हणतो,
नंतर सांगतो.