अभिप्राय वही

शनिवारी संग्रहालय रात्री दहापर्यंत उघडं,
तिकीट नाही, आणि भाषण करायचं नाही,
असं मी दोनदा कबूल केलं
तेव्हा कुठं अब्बांनी टोपी घातली.
मिरजेहून सांगलीला वडापमध्ये
आम्ही तिघं, एक तंबोरा आणि एक रिकामा भोपळा.
भोपळ्याची सीट ड्रायव्हरनं धरली नाही.

फाटकापाशी लेझीम, लाईटच्या माळा,
आत घराघरांसाठी टेबलं मांडलेली.
पहिल्यावर मातीची नाणी पाडायची.
दुसऱ्यावर एक बाई मोडीत नाव लिहून देत होत्या.
त्यांनी तन्झीलाचं नाव लिहिलं,
हात न उचलता, सरसर.
तन्झीलानं कागद उलटा करून पाहिला,
म्हणाली, 'हे माझं नाही, हा गुंता आहे.'

चौथं टेबल आमचं.
पाटीवर : दस्तगीर शिकलगार, कलावंत.
अब्बांनी चष्मा पुसून परत वाचलं.
'कारागीर लिहायला जागा न्हवती व्हय?'
माईक उचलून बाजूच्या कुंडीत ठेवला.

मग पोरांपुढं भोपळा सरकवला.
'माठ घेताना आई ठोकून बघती का न्हाई? तसं ठोका.'
पोरांनी ठोकलं, पोरांच्या बापांनी ठोकलं,
एका आजोबांनी आवाज ऐकून भाव विचारला.
एक बारका मुलगा कान लावून बसला तो उठेचना.
'आत कुणीतरी आहे.'
'असणारच,' अब्बा म्हणाले. 'बी राहिलं असंल.'

शेवटी तंबोऱ्याची जवारी.
घोडीवर तारेखाली सुताचा दोरा घालायचा
आणि सरकवायचा, केसभर.
त्याच मुलाच्या हातात त्यांनी दोरा दिला.
पुढं. अजून. लई झालं, मागं.
तार आधी घसा खाकरल्यासारखी,
मग एकदम
उघडली.
भेळेचा कागद धरलेल्या एका बाई
चावायच्या थांबल्या.
बाहेर लेझीम चालूच होती, पण लांब गेल्यासारखी.

साडेनऊला आवरलं, आणि आम्ही दालनं बघायला आत गेलो.
तलवारी, ढाली, एक बिनदोरीचं धनुष्य.
तन्झीला अक्षर लावत वाचत होती :
'शिकल-गार : शस्त्रांना धार लावणारे.'
ती थबकली. 'नाना, आपण लढाया करायचो?'
'न्हाई गं. आपण नुसती धार लावायचो.
लढाया दुसरे करायचे.
मग लढाया संपल्या, पोट न्हाई संपलं.'

शेवटच्या कपाटात, काचेआड, एक जुना तंबोरा.
अब्बा हात मागं बांधून उभे राहिले.
बराच वेळ.
मला वाटलं, त्यांना त्यांचे वडील आठवले असणार,
जुनं दुकान, लाखेचा वास.
मी जरा मागं सरकले, एकटं असू द्यावं म्हणून.
तर ते वळून म्हणाले, 'तारा उलट्या लावल्यात.'
पहारेकरी म्हणाला, 'काका, काचेला हात नको.'
किल्ली साहेबांकडं.
साहेब पाहुण्यांना सोडायला गेलेले.

दारात अभिप्राय वही होती, सुतळीला बांधलेलं पेन.
वर कुणी लिहिलेलं : छान.
त्याखाली : खूप छान.
त्याखाली : पंखा फिरत नाही.
अब्बा वाकले. लाकडावर खूण करावी
तशा दाबून दाबून त्यांनी चार ओळी लिहिल्या :

खर्जाची तार पहिल्या जागी आहे.
ती शेवटी पाहिजे.
बोलवा, येतो. सायकल आहे.
पैसे नकोत.

खाली फोन नंबर.
शेवटचा आकडा रकान्यात मावला नाही,
तो समासात काढला आणि बाण करून जोडला.

परतताना तन्झीला झोपली,
मुठीतलं मातीचं नाणं अजून ओलं.
भोपळा अब्बांच्या मांडीवर.

या गोष्टीला आता नऊ दिवस झाले.
दुकानातला फोन वाजला
की अब्बा रंधा खाली ठेवतात,
आणि आम्हाला कुणाला उचलू देत नाहीत.