पंच

सगुण वायंगणकर, पालये, पेडणे तालुका.
फौजेत सतरा वर्षं, मस्कतात एकवीस.
दोन्हीकडे काम एकच, तो म्हणतो,
उभं राहायचं.

बेळगावात उस्तादाने शिकवलेलं,
नाकावर माशी बसली तर नाक तुझं नव्हे.
तेच पुढं कामाला आलं
शुक्रवारी सकाळी, खडीच्या मैदानावर,
खिळे ठोकलेल्या चटईच्या टोकाशी,
क्रेनवाले विरुद्ध बँकवाले.
डाव्या खिशात सहा चिंचोके.
चेंडू पडला की एक उजव्या खिशात.
परसातल्या चिंचेचे ते,
सुलक्षेने सुक्या बांगड्यांच्या डब्यातून पाठवलेले.
वास काही गेला नाही.
षटक संपलं की हळूच बोटं हुंगायचा.

संशयाचा फायदा फलंदाजाला.
नियमांच्या पुस्तकात हे पहिल्यांदा वाचलं
तेव्हा पुस्तक मिटून
रात्रभर जिन्यात बसून राहिला म्हणे.
चौकीवर असलं काही नव्हतं.
चौकीवर तीन हाका होत्या.
"तीन?" मी विचारलं.
"नियम तीनचा,"
म्हणाला, आणि सुपारी कातरू लागला.
बराच वेळ कातरत होता. खाल्ली नाही.

तुफैल सियालकोटचा. पन्नाशीचा, क्रेनवर असायचा,
गुडघ्याला फडकं बांधून गोलंदाजी करायचा.
समोर आपल्याच खोलीतला, कोरगावचा बाबुसो.
चेंडू पॅडवर बसला.
तुफैल वळला. ओरडला नाही.
रात्री उशिरा दारात उभा राहून
कुणी पाणी मागावं
तसं नुसतं बघितलं त्यानं.
सगुणने बोट वर केलं.

महिनाभर खोलीत कुणी बोललं नाही.
हुमणातला तुकडा त्याच्या ताटात येईना,
नुसता रस.
"लेगला चालला होता चेंडू,"
आता सांगतो, एवढ्या वर्षांनी,
"चांगला वीतभर बाहेर."
मग दिलास कसा?
"दिला."

पांढरा कोट सुलक्षेने ट्रंकेतून काढला,
डांबरगोळ्या झटकल्या
आणि वायंगणात काठीवर चढवला,
दोन्ही हात आडवे.
शाळेची पोरं बांधावरून जाताना
"वाइड! वाइड!" ओरडतात.
चिमण्या जरा बिचकतात. मोर नाही बिचकत.
मोरांनी औंदा अर्धं शेत खाल्लं.

काल तिन्हीसांजेला मी पाणंदीत होतो.
एक मोर बांध उतरला.
सगुण माडाखाली उभा, हातात धोंडा,
पाय जुळवलेले.
"थम," म्हणाला. हळूच, जणू घरात कुणी निजलंय.
मोराने मान वर केली.
"थम."
मोर दोन पावलं पुढं आला.
मध्ये किती वेळ गेला सांगता येत नाही,
दिवा लावायला सुलक्षा आत गेली
आणि लावून बाहेर आली.
"थम."
मोर पिकात शिरला.

धोंडा हातातच होता.
येताना त्याने तो डाव्या खिशातून
उजव्या खिशात टाकला.