वाकडा चौकोन

परिपत्रक आलं तेव्हा मी आइसपॅक
कानाशी धरून हलवत होते.
आत पाणी डुचमळलं की समजायचं, आता लस गोठणार नाही.
मे महिना, नाईक तलाव, सकाळचे साडेआठ.
अंगणवाडीचा कूलर कोरडाच घरघरत होता.

डॉक्टरसाहेबांनी फोनवरूनच वाचून दाखवलं:
उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की
नऊ महिने पूर्ण झालेल्या बालकांस
यापुढे आणखी एक मात्रा.

यापुढे.
तो शब्द मी पिशवीत टाकला,
कापूस अन् हबकटरच्या मध्ये.

दिल्लीत म्हणे समिती बसते.
कुठल्या वयात रक्त किती शिकतं
याचे आलेख असतात, मतं जुळत नाहीत, चहा निवतो,
मग एक ओळ ठरते.
ती ओळ मंत्रालयातून, संचालनालयातून, महापालिकेतून
जिना उतरत उतरत येते
आणि थांबते सुकेशनीच्या रजिस्टरपाशी.
सुकेशनीला ठाऊक असतं कोणत्या घरात बाळ आहे,
आणि कोणत्या घरात आमची पांढरी साडी दिसली
की आतून कडी लागते.

प्रणोती हेडाऊ आली. कडेवर रेयांश,
कार्ड संत्राबर्फीच्या रिकाम्या डब्यात, कोपरा न दुमडलेलं.
जन्माचा रकाना, दीड महिन्याचा, अडीच, साडेतीन,
सगळीकडे माझंच अक्षर.
नऊ महिन्यांच्या रांगेत मात्र नव्या सुईला जागा नाही;
छापणाऱ्याला कुठं माहीत होतं.
मी बॉलपेननं चौकोन काढला.
वाकडा आला. एक बाजू गोवराच्या तारखेवर चढली.

"हे तं मागच्या महिन्यात नव्हतं ना, सिस्टर?"
नव्हतं.
"मंग आता काहून?"

मी सांगितलं, अभ्यास होतो, नवं कळतं, म्हणून बदलतं.
दारातून सासरे बोलले, यादवराव,
तीस वर्षं मागावर बसलेले,
"म्हंजे आधीचं चुकलंच होतं नं?"
मी म्हटलं, काका, विणताना धागा तुटला
तर गाठ मारायचे ना तुम्ही?
लुगडं खोटं व्हायचं का त्यानं?
"लुगड्याले ताप नाही येत, बाई."

यावर मला काही सुचलं नाही.
गोवराची उजव्या दंडात दिली, ही नवी डाव्या.
रेयांशनं आधी श्वास घेतला, लांब,
मग सगळ्या गल्लीला ऐकवलं.

कुपीवर एक गोल असतो, गोलात फिकट चौकोन.
ऊन लागत गेलं की चौकोन काळवंडतो,
गोलाएवढा झाला की कुपी टाकून द्यायची.
लस स्वतःच सांगते, मी आता कामाची नाही.
परिपत्रकाला असा चौकोन का नाही लावत?
तिथून इथवर येताना त्याला किती ऊन लागलं
ते तरी दिसलं असतं.

प्रणोती उठली, अन् परत बसली.
"मोठ्याले नाही भेटली हे. त्याचं काय?"

मोठा, तनुज, पाच वर्षांचा,
बापाची चप्पल घालून उंबऱ्यावर कैरी चोखत उभा.
मी पिशवीत हात घातला.
'यापुढे' तिथंच होता.
त्याच्यामागे काही लिहिलेलं नव्हतं.
त्याच्या बाकीच्या सगळ्या झाल्यात गं, मी म्हटलं.
खरं होतं ते. तिनं विचारलेलं नव्हतं ते.

तनुजनं डाव्या हाताची करंगळी पुढे केली.
पोलिओच्या रविवारी नखाला शाई लागते,
त्याला वाटलं आजही.
शाईचा पेन केंद्रात राहिलेला.
मी बॉलपेननंच नखावर रेघ ओढली,
ती उमटेना, तीनदा गिरवली.
तो कैरीचा हात चड्डीला पुसून
दाखवायला पळाला.

उघडलेली कुपी चार तासांची.
लेबलावर वेळ घातली होती, नऊ दहा.
सुकेशनीनं यादी मोजली: तेवीसपैकी एकोणीस.
मग डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून
ती उरलेल्या चार दारांकडे निघाली.
मी झाकण घट्ट लावलं अन् ओरडले,
एक वाजायच्या आत ये गं,
आणि यादवरावांना सांग,
ताप आला तर माझा नंबर कार्डामागे आहे.