हवामानाचा रकाना

नागनाथमामा मागाजवळ बसला की ओठ हलतात.
आम्ही समजायचो, जप.
तो तुटलेले धागे मोजतो.
साखर पेठेत खडखड इतकी
की बोलायचं तर हातांनी, नाहीतर तेलुगूत ओरडून.
मोजायला आवाज लागत नाही.

फौजेत असताना वर्षभर त्याचं हेच काम होतं.
परमुलखात, दोन सैन्यांच्या मधल्या टेकडीवर,
निळी टोपी, पांढरी गाडी, एक नोंदवही.
दोन वाजून दहा, उत्तरेकडून तीन गोळे.
दोन चौदा, दक्षिणेकडून सात.
उत्तर डाव्या पानावर, दक्षिण उजव्या,
पेन एकच.

सोबतीला ओरान, आयर्लंडचा, तांबड्या भुवयांचा.
म्हणाला, आमचा देश कुठल्याच गटात नाही. तुमचा?
मामा म्हणाला, शाळेत होता तसा एक शब्द, अलिप्त,
दोन मार्कांना यायचा.
मग त्याला शेंगाचटणी दिली, कडक भाकरीवर.
ओरानच्या डोळ्यांतून पाणी.
ही नक्की कुणाच्या बाजूची, त्याने विचारलं.

एवढंच मामा सांगायचा, आणि हसायचा.

गेल्या मे महिन्यात वल्लाळ भावांची वाटणी निघाली.
सहा माग, एक गिऱ्हाईक, दोन तोंडं.
मामाला बोलावलं, कारण तो कुणाचाच नाही.
मधल्या स्टुलावर बसवला, चहा दोघांकडून आला,
त्याने दोन्ही कप संपवले.
बाहेर धाकट्याची बायको, पद्मा,
विडीच्या पानांची टोपली कडेवर, पोर पायाशी,
दुपारी बारापासून उन्हात.
दार आतून लावलेलं. हिशेब होईपर्यंत उघडायचं नाही, थोरला म्हणाला.
धाकटा काहीच म्हणाला नाही.
मामा उठला. कडी काढली.
दोघांनी वर पाहिलं, तर म्हणतो,
वाऱ्याने उघडलं.

चव्वेचाळीस डिग्री होतं त्या दिवशी.
पेठेत पिंपळाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

घरी येताना मी विचारलं, असं का बोललास?
भुईकोटाच्या भिंतीपर्यंत तो गप्प चालला.
मग म्हणाला, तिथेही एक फाटक होतं.
बाहेर बायका, पोरं, एक म्हातारा गादीसकट.
उघडू का, म्हणून वर विचारलं होतं,
वरून खाली उत्तर यायला वेळ लागतो,
आणि गोळे जवळ येत होते, मी मोजत होतो.
ओरानने माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.
कडीचा आवाज झाला.

मी लिहिलं: चार वाजून दोन. फाटक वाऱ्याने उघडले.
आत आले, चौदा.

साहेबाने वाचलं, सही केली.
त्याच पानावर, सगळ्यात वर,
सकाळी मीच भरलेला हवामानाचा रकाना होता.
वारा: नाही.