शिंपलीभर

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी काचा धुतो.
अठरा वर्षं झाली. आता शिंपल्याही उघडतो.
सुरीचं टोक फटीत घालून हलकंच फिरवायचं,
आत दोन दोऱ्या तुटतात,
मग दार आपोआप सैल पडतं.
मगदूम मॅडम म्हणतात, तुमचा हात चांगला बसलाय.
हात बापाचा आहे. हरिपूरच्या संगमावर तो जाळं टाकायचा.

कल्ले वेगळे, पाय वेगळा.
भट्टीत वाळवायचं, ॲसिडात विरघळवायचं,
तांबूस धूर पंख्यातून निघून जातो
आणि उरतं पाण्यासारखं पाणी.
यंत्र ते ज्योतीवर धरतं, आकडा सांगतं.
शिसं. कॅडमियम. क्रोम.
मी वहीत उतरवून घेतो.

शिंपली तशी काहीच करत नाही.
गाळात उभी राहते आणि दिवसभर नदी पिते.
एका वाटेने आत, दुसऱ्या वाटेने बाहेर.
बाहेर येतं ते निवळ.
आत राहतं ते राहतं.
थुंकायला तिला कुणी शिकवलंच नाही.

नाल्याच्या तोंडाशी असते ती तासन् तास मिटून.
मी घड्याळ घेऊन बसलोय तिच्यासमोर.
श्वास कोंडून धरावा तशी धरते,
मग भूक लागते, उघडते,
आणि पुन्हा तेच पाणी.

तिची पिल्लं मिठाच्या कणाएवढी.
माशाच्या कल्ल्याला चिमटा घेऊन बसतात,
फुकट प्रवास करतात, मग कुठेतरी उतरतात.
मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून दाखवलं तेव्हा हसू आलं होतं:
आईच्या कडेवरून बाजाराला निघालेला मीच!
यंदा बशीत पिल्लं होती,
चिमटा मिटत नव्हता.
मासा समोरून निघून गेला.

तुलनेसाठी निर्मळ शिंपल्या लागतात.
पहिल्या वर्षी आयर्विन पुलाच्या वर मिळाल्या, सायकलने.
मग भिलवडीला, एसटीने.
यंदा वारणेच्या पार वरच्या अंगाला गेलो,
छातीभर पाण्यात, पायाच्या बोटांनी चाचपत.
बारा सापडल्या. बाराही म्हाताऱ्या.
नखाएवढी एकही नाही.
एकीच्या कवचावर एकवीस रेघा मोजल्या,
माझ्या थोरलीच्या वयाची.

शिदू माझा धाकटा. कुपवाडला मुलाम्याच्या शेडमध्ये असतो.
तोट्या, कड्या, सायकलींची हँडलं
पिवळट पाण्यात बुडवतो, चकचकीत करून काढतो.
वरचेवर त्याच्या नाकातून रक्त येतं.
उन्हाचं, म्हणतो.
मी त्याला माझे आकडे सांगत नाही.
त्या पाण्याचं पुढे काय होतं, तो मला सांगत नाही.
घरावरचा नवा पत्रा त्याच्या पगाराचा आहे.

परवा त्याला मुलगी झाली.
आई म्हणाली, ‘तुझ्या कालिजात एवढ्या शिंपल्या हाईत,
एक घिऊन ये की गुटीला.
तुमा दोघास्नी मी शिंपलीनंच पाजलंय.’

कपाटात शंभरेक आहेत,
प्रत्येकीवर माझ्या हातचा शाईचा नंबर.
एकवीस रेघांची काढली.
घासली. उकळली. पुन्हा घासली.
आतून ती मोरपंखी आहे अजून.
काठ अंगठ्याच्या नखावर फिरवून पाहिला, कुठे टोचत नाही.
ही वरच्या पाण्यातली, मी स्वतःला सांगितलं.
मग वहीत तिचा आकडा पाहिला.
शून्य नव्हता.
बसस्टँडपर्यंत खिशात होती.
तिथल्या भांड्यांच्या दुकानात एक छोटा चमचा घेतला.

आईने तो उलटासुलटा करून पाहिला.
‘ह्ये काय रं? बाळाच्या वटाजोगता काठ न्हाई ह्येला.’
शिदूने हातात घेतला,
बल्बखाली तिरका धरला,
म्हणाला, पॉलिश चांगलं बसलंय.
मी खिशात हात घालून उभा.

सोमवारी रजिस्टर काढलं.
एकशे चार नंबरापुढे लिहिलं: हरवली.
मॅडमनी सही केली.