गुडघ्यातली अक्कल

वाल्पराईसोच्या टेकडीवरल्या या शाळेत
झाडू, फिनेल आणि सगळ्या किल्ल्या
एकतीस वर्षं माझ्याकडे आहेत.
खेळाचे मास्तर पाच पाहिले मी.
पाचांच्याही गळ्यात शिट्टी.
पळा. थांबा. पुन्हा पळा.
मागे राहिलेल्याला म्हणत,
तुझी अक्कल गुडघ्यात आहे रे.

यंदा इस्मेनिया बाई आली.
पहिल्याच दिवशी तिनं मागितले
वजनाचे दोन काटे.
आजारी पोरांच्या खोलीतून
काढून दिले, धूळ पुसून.
एका पायाखाली एक ठेव, दुसऱ्याखाली दुसरा.
आता उजवा हात आडवा पसर.
पाय हलला नाही, मग काटा का हलला?
पोरं गप्प.
मग सगळी एकदम बोलायला लागली
आणि मी पुसत असलेली खिडकी
तशीच अर्धी राहिली.

एवारिस्तो नावाचा एक पोरगा,
उडी मारली की आपल्याच सावलीवर पडणारा.
बाईनं त्याचे हात मफलरनं बांधले. मार.
चार विती.
सोडले. आता हात मागे ने, झोकून दे. मार.
सहा विती आणि वर दोन बोटं.
खडूच्या दोन खुणांमध्ये उभा राहून
तो आपल्या हातांकडे बघत होता,
कुणाचे तरी उसने आणलेले असावेत तसा.

रुपेर्तो, बाई मला म्हणाली,
ती भरलेली बादली घेऊन जरा चाला ना.
चाललो. रोज चालतो तसाच.
पोरांनी फरशीवरली माझी सावली
खडूनं धरून ठेवली.
बादली उजवीकडे,
मी सगळाच्या सगळा डावीकडे,
आणि डावा हात हवेत,
कशाला तरी थोपवत.
मी कधी सांगितलं होतं त्याला?
एकतीस वर्षं हा हात माझ्या अपरोक्ष
कामाला जात होता,
बिनपगारी.

मग मीही विचारलं.
टेकडीची लिफ्ट दोन हिवाळे बंद आहे.
घरापर्यंत एकशे बासष्ट पायऱ्या.
चढताना दम लागतो, ते ठीक,
पण दुखतं उतरताना. असं का?
बाईनं उत्तर दिलं नाही.
सगळा वर्ग जिन्यावर नेला.
मांडीवर हात ठेवा. एक पायरी. अगदी सावकाश.
एक म्हणाला, चढताना मांडी ढकलते.
दुसरा म्हणाला, उतरताना पण ताणतेय की,
ब्रेक दाबल्यासारखी.
फ्लोरिंदा, जी वर्गात कधी तोंड उघडत नाही,
ती म्हणाली,
उतरताना आपण पडतच असतो.
फक्त हळू.

संध्याकाळी कुलपं लावली.
पाचव्या मास्तरांची शिट्टी खणात सापडली,
तिची दोरी सोडून किल्ल्यांना बांधली.
खाली बंदरात क्रेनचे दिवे लागत होते.
एक हात कठड्यावर, एक मांडीवर,
मी पडायला सुरुवात केली.
हळू.
नव्वदाव्या पायरीला गुडघा दुखला, नेहमीच्याच जागी.
पण आज त्याला शिवी दिली नाही.
बाईंनी सांगितलं होतं तसं
पाऊल जरा तिरपं टाकून पाहिलं.
एक्क्याण्णव. ब्याण्णव.
काय वाटतं, मी त्याला विचारलं.
तो अजून विचार करत होता.